पावसात न गंजणारी आणि परवडणारी शिकारीची रायफल कुठली घ्यावी? (न्यूझीलंडसाठी)

भांडुपकर (धागाकर्ता)

मंडळी, पहिलंच सांगून टाकतो, शिकार न्यूझीलंडमध्ये करायची आहे, कर्जत-कसाऱ्याला नाही. त्यामुळे कायद्याची कलमं काढू नका (काढालच, माहितीये).

धाकटा भाऊ साउथ आयलंडच्या वेस्ट कोस्टला, होकिटिकाजवळ डेअरी फार्मवर कामाला आहे. फार्मवरचे सगळे सुट्टीला हरणामागे जातात आणि फ्रीजर भरून मटण आणतात, आता यालाही जायचंय. लायसन्स हातात आलंय, तिजोरी भिंतीला ठोकून झाली, फक्त रायफल घ्यायची राहिलीये. मी कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टूटू (.२२ ची छोटी रायफल) चालवलेली आणि अजून अधूनमधून रेंजवर जातो, म्हणून घरात बंदुकीतलं मलाच कळतं असा समज आहे, तो मला विचारतोय आणि मी तुम्हाला.

मुद्दा पावसाचा. तिकडे आपल्यासारखं चार महिने झोडपलं आणि गेला असं नाही, बारा महिने चालूच. झाडं ओली, गवत ओलं, नदीत उतरून पलीकडे जायचं, रात्री जंगलातल्या झोपडीत मुक्काम, म्हणजे रायफल वाळणार कधी आणि कुठे? दुकानात त्याला एकाच मॉडेलच्या दोन दाखवल्या, एक साधी काळी म्हणजे ब्लूड आणि एक स्टेनलेस, स्टेनलेसला बऱ्यापैकी जास्त पैसे. दुकानदार म्हणतो तेल लावत जा, काळी पण आयुष्यभर चालते. भाऊ म्हणतो तेल लावायचा मला कंटाळा, तू मला ओळखतोस ना. ओळखतो.

तर जास्तीचे पैसे स्टेनलेसमध्ये घालावेत की स्कोपमध्ये (नेमाच्या दुर्बिणीत)? लाकडी स्टॉक (दस्ता) नको एवढं आम्हा दोघांना कळतंय. सेव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, होवा १५०० आणि टिका टी३एक्स अशी नावं त्याने पाठवलीत, शेवटचं बजेटच्या बाहेर जातंय.

टवाळ_तात्या

रुमाल टाकून ठेवतो. धाग्याचा काश्मीर (म्हणजे भांडणाचा आखाडा) व्हायच्या आत पुढची जागा पकडलेली बरी.

पानगळ

"काढालच, माहितीये" असं लिहिलं की सुटलात असं नाही हो भांडुपकर. आपल्याकडे १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला तो उगाच नाही आला, त्याआधी काय काय मारलं गेलं ते आठवा. तिकडे कायद्यात बसतं म्हणून मुक्या जिवाला मारणं बरोबर होतं का? आणि फ्रीजर भरायला मारायचं म्हणजे तर हद्द झाली, तिकडे दुकानात मटण मिळत नाही का?

कँटरबरीचा_कोळी

पानगळताई, तुमचा राग समजतो पण इथली गोष्ट उलटी आहे. मी मूळचा वेसाव्याचा, आता बरीच वर्षं ख्राइस्टचर्चला. न्यूझीलंडमध्ये वटवाघूळ सोडलं तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाल हरणं इंग्रजांनी १८५१ पासून बोटीत घालून आणली, शिकारीच्या खेळासाठी. त्यांना खाणारं इथे कोणी नाही, वाघ नाही लांडगा नाही, त्यामुळे जंगलातली कोवळी रोपं सगळी साफ करतात, आणि ती रोपं नसली की इथले पक्षी संपले. म्हणून सरकारी जंगलात हरीण मारायचा परवाना संवर्धन खातं स्वतः फुकट देतं, ऑनलाइन. ज्या वर्षी शिकारी कमी पडतात त्या वर्षी हेलिकॉप्टरमधून मारतात आणि मटण तिथेच कुजतं. त्यापेक्षा भांडुपकरांच्या भावाच्या फ्रीजरमध्ये गेलेलं बरं ना.

रायफलीवर रात्री सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे.

पानगळ

हे माहीत नव्हतं. पटलं असं म्हणत नाही पण त्या एका जागेपुरता विरोध मागे. बाकी हौस ती हौसच.

धातुकाम

डोंबिवली एमआयडीसीत आयुष्य पोलादात गेलं म्हणून लिहितो, बंदुकीतलं मला शून्य कळतं.

स्टेनलेस गंजत नाही हे डोक्यातून काढा. बॅरलसाठी (नळीसाठी) जे स्टेनलेस वापरतात ते बहुतेक ४१६ जातीचं असतं, क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळजवळ नाहीच, आणि मशीनवर नीट कापलं जावं म्हणून त्यात सल्फर मुद्दाम घालतात, हा सल्फर गंजाच्या बाबतीत शत्रूच. तुमच्या घरातली चांगली भांडी ३०४ ची, क्रोमियम १८ आणि निकेल ८. म्हणून पातेलं सिंकमध्ये रात्रभर पडलं तरी काही होत नाही आणि चांगल्यातली सुरी पडली तर सकाळी तिच्यावर ठिपके दिसतात, कारण सुरीचं पोलाद त्या बॅरलच्याच घराण्यातलं. मग ३०४ चं बॅरल का नाही करत? कारण ३०४ तापवून-थंड करून कडक करता येत नाही, आणि बॅरलला ताकद पाहिजे.

काळी रायफल म्हणजे बहुतेक ४१४० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद), त्यात क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास. ब्लूइंग हा मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा) पातळ थर, त्याला बारीक छिद्रं असतात, तो तेल धरून ठेवतो. तेल संपलं की संरक्षण संपलं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर असतो, ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो आपोआप पुन्हा बनतो. पण जिथे पाणी अडकून बसतं आणि हवा पोचत नाही, म्हणजे स्टॉक आणि बॅरलच्या मधली फट, तिथे तो बनत नाही, आणि त्यात घामाचं किंवा समुद्राचं मीठ मिळालं की बारीक खड्डे पडायला लागतात. वरळी सी फेसच्या बिल्डिंगांची स्टेनलेस रेलिंग जाऊन बघा, तपकिरी डाग पडलेले दिसतील, आणि ती तर ३०४ असते. समुद्राकाठी ३१६ लावायला पाहिजे, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, पण बिल्डर लावतोय होय.

थोडक्यात काय तर काळी ओली ठेवली तर रात्रीत भगवी होते, स्टेनलेस बरेच दिवस माफ करतं. आळशी माणसाने माफ करणारं घ्यावं.

टवाळ_तात्या

बिल्डरवर आला विषय. मुंबईकरांच्या धाग्याला दहाव्या प्रतिसादाच्या आत बिल्डर लागतोच.

वाचनमात्र_वसंत

धातुकाम, वाखुसा (वाचनखूण साठवली). घरातल्या सुऱ्यांचं कोडं सुटलं, बायकोला आत्ताच ऐकवलं, ती म्हणाली मग पुसून ठेवत जा.

आप्पा_देवगड

आमच्या वाडीला शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, वडिलांच्या नावावर. रानडुकरांना घाबरवायला, क्वचित बार काढायला. देवगडचा पाऊस आणि वर खारी हवा, पण ती बंदूक वडिलांच्या पश्चातही काळी कुळकुळीत होती. कारण एकच, बार काढला की त्याच दिवशी नळीत कढत पाणी ओतायचे, चिंधी फिरवायची, चुलीच्या वर लटकवायची आणि मग तेल. काळी दारू जळली की जी राख उरते ती हवेतले पाणी ओढून घेते, नुसत्या तेलाने ती निघत नाही, पाणीच लागते. पाण्याने धुवून गंज थांबतो हे शहरातल्या माणसाला सांगितले की तो हसतो.

गंजली ती एकदाच. निवडणूक लागली की हत्यारे जमा करावी लागत, पावसाच्या तोंडावर जमा केली आणि गणपतीनंतर हातात आली ती ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. कुठे जमा केली ते लिहीत नाही.

तेव्हा भांडुपकर, भावाला सांगा की नळी कसली आहे यापेक्षा घरी आल्यावर पहिला अर्धा तास तो काय करतो हे बघ. काळी घे आणि पुसायला शीक. आम्ही खोबरेल लावायचो.

दहापॉइंटनऊ

आप्पा, बाकी सगळ्याला +१ पण खोबरेल नको हो. थंडीत ते गोठतं, न्यूझीलंडच्या थंडीत तर दगड होईल, आणि जुनं झालं की चिकट होऊन बोल्टमध्ये (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यात) बसतं. मशीनच्या तेलाला सोडून दुसरं काही नको.

मी वरळीच्या रेंजवर सराव करते (आधी एअर रायफल, आता पॉइंट टूटू प्रोन म्हणजे पालथं झोपून). आम्ही पावसात भिजत नाही, शेडमध्ये असतो, तरी जून ते सप्टेंबर गंजाची लढाई चालू असते. आणि गंज चढतो तो रेंजवर नाही, घरी. केसच्या आत तो जाड स्पंज असतो ना, तो हवेतली ओल पितो आणि दिवसरात्र रायफलीला चिकटून बसतो. आमच्याकडे नवीन मुलामुलींना पहिलं हेच शिकवतात की केस फक्त ने-आण करायला, घरी गेलं की रायफल बाहेर. कपाटात सिलिका जेल, आणि महिन्यातून एकदा ते गरम करून परत वापरायचं.

दुसरी गोष्ट हाताचा घाम. काहींचे हात इतके खारे असतात की त्यांनी धरलेल्या जागी बोटांचे ठसे गंजून उमटतात, खोटं नाही. आमच्या ग्रुपमध्ये अशी एक मुलगी आहे, तिला कोणी आपल्या रायफलीला हात लावू देत नाही. भाऊ कुठल्या गटातला आहे ते बघा, खारट हाताचा आणि आळशी असेल तर आप्पांचं ऐकू नका, गपचूप स्टेनलेस घ्या.

चिंटू_मुलुंड

विषय निघालाच आहे तर, मला पण एक एअरगन घ्यायची होती, खिडकीत कबुतरं फार झालीत. लायसन्स लागतं का?

दहापॉइंटनऊ

.१७७ बोअरपर्यंत आणि २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, त्याच्या वर लागतं. पण कबुतरांवर??? प्राण्यांशी क्रूर वागण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे, आणि सोसायटीच्या खिडकीतून छर्रा मारलास तर समोरच्या विंगमधल्या काकू पोलिसांच्या आधी पोचतील. जाळी लाव.

टवाळ_तात्या

कबुतरखान्याचा विषय कृपया नको. ॲडमिन जागे आहेत.

कँटरबरीचा_कोळी

आता सविस्तर. लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी पावसाचा अंदाज घ्या. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण २,३०० मिमी पडतो, होकिटिकाला वर्षाचा २,९०० च्या आसपास. म्हणजे आकडा फार वेगळा नाही, पण तो वर्षभर वाटलेला आणि त्यातही भाऊ शिकारीला जाणार डोंगराच्या पोटात, तिथे गाव सोडून आत गेलं की पाऊस दुप्पट-तिप्पट होतो. होकिटिकाच्याच मागच्या डोंगरात क्रॉप नदी आहे, तिथे वर्षाला ११,००० मिमीच्या वर पडतो, आंबोली मागे राहिली. तिथे काहीही कोरडं राहत नाही, तंबूतली स्लीपिंग बॅगपण नाही.

त्यामुळे माझं मत: वेस्ट कोस्टला स्टेनलेस आणि सिंथेटिक स्टॉक. इकडे कँटरबरीच्या कोरड्या बाजूला असता तर म्हटलं असतं काळी घे आणि पैसे वाचव. आप्पांच्या वडिलांची शिस्त मला मान्य आहे पण त्यांच्याकडे चूल होती. आपण तीन-तीन रात्री डोंगरात असतो तेव्हा पहिला अर्धा तास वगैरे काही नसतो, हात बधिर झालेले असतात, टॉर्चच्या उजेडात ओल्या फडक्याने ओली रायफल पुसायची.

मॉडेलचं म्हणाल तर चारही मारतात, हरणाला ब्रँड कळत नाही. ॲक्सिस सगळ्यात स्वस्त आणि नेम चांगला, पण स्टॉक लवचिक, पट्टा हाताला घट्ट गुंडाळून मारलं तर स्टॉकचं टोक वाकून बॅरलला टेकतं. दुकानातच बघता येतं, बॅरल आणि स्टॉकच्या मधून दहाची नोट सरकवायची, अडली तर विचार करा. रुगर अमेरिकन हलकी आहे, पैशाच्या मानाने ट्रिगर उत्तम. होवा जपानची, जड आहे पण दणकट, वेदरबी व्हॅनगार्ड म्हणून जी महाग विकतात तिची ॲक्शन (बोल्ट बसतो तो मधला भाग) होवाच बनवते. टिका फिनलंडची, साकोच्या कारखान्यात बनते, बोल्ट लोण्यासारखा चालतो, इकडे दर दुसऱ्या माणसाकडे तीच, आणि म्हणूनच जुन्या बाजारात पण मिळते. बजेटमध्ये नवी टिका बसत नसेल तर जुनी स्टेनलेस टिका शोधावी, घेताना बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघायचं आणि स्टॉकचे दोन स्क्रू सोडवून खालची बाजू बघायची. विकणारा सोडवू देत नसेल तर घ्यायची नाही.

कॅलिबर (गोळीचं माप) .३०८ घ्या. छोट्या गावातल्या दुकानात पण गोळ्या मिळतात.

आता जे दुकानदार सांगत नाही ते. इकडे सायलेन्सर कायदेशीर आहेत आणि सगळे लावतात, कानासाठी. शिकार झाली की तो काढून ठेवायचा. लोक लावलेलाच ठेवतात, आत जळलेल्या दारूची काजळी आणि वाफ साठते, रायफल तिजोरीत उभी ठेवली की ते सगळं नळीच्या तोंडाशी उतरतं आणि स्टेनलेसच्या पण तोंडाला खड्डे पडतात. मी पाहिलेल्या खराब झालेल्या बॅरलांपैकी बहुतेक अशाच गेल्या.

आणि नळीच्या तोंडावर साध्या इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा तुकडा. पाणी, चिखल आत जात नाही. गोळी मारायच्या आधी काढायची गरज नाही, गोळीच्या पुढे नळीतली हवा ढकलली जाते ती पट्टी आधीच फोडते. पट्टी नसेल आणि नळीत पाणी भरल्याचा जरा जरी संशय असेल तर आधी रायफल खाली करून, बोल्ट काढून नळी साफ करायची, पाण्यासकट गोळी मारली तर बॅरल फुगू शकतं. यावर चेष्टा नाही.

टवाळ_तात्या

म्हणजे आपण मोबाइलला प्लास्टिकची पिशवी घालतो तेच. भावाला दादरवरून निळी ताडपत्री पाठवा, रायफल, भाऊ आणि हरीण तिन्ही झाकली जातील.

अँकरेज_अण्णा

अलास्कातून लिहितोय, ठाण्याचा आहे. कोळीदादांशी नव्वद टक्के सहमत, दहा टक्के भांडण.

भांडण हे की स्टेनलेसचे पैसे बॅरल आणि ॲक्शनचे देता, पण गंजतं काय? बोल्टच्या आतली स्प्रिंग, फायरिंग पिन, ट्रिगरचे भाग, पट्टा अडकवायच्या कड्या, स्कोपच्या रिंगा आणि त्यांचे स्क्रू. हे सगळं बहुतेक स्टेनलेस रायफलींत पण साधं पोलाद असतं. आणि माणूस निर्धास्त होतो की आपली तर स्टेनलेस आहे, मग आत बघतच नाही. इकडे केचिकनच्या बाजूला पावसाचं जंगल आहे, तिकडच्या जुन्या शिकाऱ्यांकडे घासून पांढऱ्या झालेल्या काळ्या रायफली दिसतात आणि सगळ्या चालू.

माझा मार्ग तिसरा. स्वस्तातली काळी घेतली, सगळी खोलून बाहेरून सेराकोट मारून घेतलं. सिरॅमिकचा लेप असतो, फार पातळ, आधी बारीक वाळूने पृष्ठभाग खरखरीत करतात, मग फवारून भट्टीत साधारण १२० डिग्रीला दोन तास भाजतात. बोल्टचा दांडा, कड्या, रिंगा सगळं एकाच वेळी झालं. रंग पण आपल्या पसंतीचा, चकाकत नाही.

आणि एक, थंडीतून गरम खोलीत आणली की रायफलीला घाम फुटतो, आतून पण. पावसापेक्षा या घामाने इकडे जास्त गंजतात. एकतर बाहेरच्या थंड पडवीत कुलपात ठेवा, नाहीतर आत आणली तर केसमधून काढून, बोल्ट बाहेर काढून, तासाभराने पुसा. लगेच पुसून उपयोग नाही, परत फुटतो.

कँटरबरीचा_कोळी

अण्णा, सेराकोट मान्य, पण होकिटिकाला ते करणारा कुठे शोधायचा? पाठवणी आणि मजुरी धरली तर स्टेनलेसच्या वर जातं. आणि नळीच्या आत तो लेप मारता येत नाही, आत उघडं पोलादच राहतं. बाकी स्प्रिंगा-स्क्रूंचं तुमचं १०० टक्के खरं, ते मी लिहायला पाहिजे होतं.

थंड पडवीचं मात्र इकडे जमणार नाही. रायफल तिजोरीतच, बोल्ट आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, २०१९ च्या ख्राइस्टचर्चमधल्या गोळीबारानंतर पोलीस फार कडक झालेत आणि २०२३ पासून प्रत्येक रायफलीची नोंद करावी लागते.

शंकासुर

बाळबोध प्रश्न. स्टेनलेस चकाकणार, हरणाला दिसणार नाही का?

अँकरेज_अण्णा

शिकारीच्या स्टेनलेसला बहुतेक मॅट फिनिश देतात, आरशासारखी नसते. तरी उन्हात थोडी चमकते. वेस्ट कोस्टला ऊन कुठे आहे म्हणा. हरणाला लाल-भगवा नीट ओळखू येत नाही, निळा चांगला दिसतो, त्यामुळे तात्यांच्या निळ्या ताडपत्रीने मात्र घात होईल.

टवाळ_तात्या

माझ्या प्रतिसादाचं शास्त्रीय खंडन झालेलं पहिल्यांदाच बघतोय. धन्य झालो.

पानगळ

अवांतर आहे पण कोळीदादांनी लिहिल्यावर शोधत बसले, त्यात कळलं की न्यूझीलंडच्या आल्प्समध्ये आपला हिमालयातला थार आहे, १९०४ मध्ये सोडलेला, आणि नॉर्थ आयलंडला सांबरसुद्धा आहेत, तेव्हाच्या सिलोनमधून नेलेले. इथे दोघेही संरक्षित आणि तिथे त्यांच्या मागे लोक रायफली घेऊन फिरतात. मला राग पण येतोय आणि हसू पण.

आप्पा_देवगड

पानगळताई, आमच्या वाडीतल्या रानडुकराला तिकडे पाठवता आले तर बघा.

कँटरबरीचा_कोळी

आप्पा, आहेत! डुकरं इथे भरपूर आहेत, ती पण बाहेरून आणलेली.

वाचनमात्र_वसंत

आपली ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ कोणी चालवली आहे का? आमच्या ओळखीत एकांकडे गावाला आहे. लाकडी दस्ता, पावसाळ्यात फुगतो म्हणे.

दहापॉइंटनऊ

लाकूड ओल पितं, फुगतं, बॅरलला कुठेतरी दाबतं आणि नेम सरकतो. उन्हाळ्यात झीरो केलेली (नेम जुळवलेली) रायफल ऑगस्टमध्ये दुसरीकडेच मारते. म्हणूनच धागाकर्त्यांनी लाकूड नको म्हटलं ते योग्य. .३१५ हा प्रकारच इंग्रजांच्या भीतीतून आलाय, लष्कराची .३०३ ची काडतुसं लोकांच्या हाती पडली तरी त्यांच्या बंदुकीत बसू नयेत म्हणून वेगळं माप.

शंकासुर

मग डब्ल्यूडी-४० मारलं की झालं ना? एवढी चर्चा कशाला. माझ्या बाइकच्या चेनला तेच.

धातुकाम

डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला बनवलंय, १९५३ पासून तेच त्याचं काम, आणि ते काम चांगलं करतं. पण उडून जातं, मागे जो थर उरतो तो फार पातळ. आधी त्याने पाणी काढायचं, पुसायचं, आणि वर जाड तेल किंवा लॅनोलिनवालं काहीतरी लावायचं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीचं मेण, न्यूझीलंडमध्ये त्याला काय तोटा. बॅरलच्या खालच्या बाजूला, जिथे स्टॉकच्या आत काही दिसत नाही, तिथे मेणाचा हात फिरवून ठेवला तर वर्षभर बघायला नको. (आणि चेनला पण तेच वापरू नका, तिला वंगण लागतं.)

शंकासुर

चेनचं आधी कोणी सांगितलं नव्हतं राव.

भांडुपकर

बापरे, दोन दिवस आलो नाही तर केवढा धागा झाला. सगळ्यांचे आभार, सगळं भावाला व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याने वाचलं की नाही माहीत नाही पण निळे टिक आलेत.

त्याचं उत्तर असं. आप्पांचं वाचून आधी तो काळीकडे झुकला होता, मग त्याच्याच फार्मवरच्या एकाने तीन रात्रींनंतर आणलेली काळी रायफल दाखवली, बोल्टच्या दांड्यावर आणि नळीच्या तोंडाशी भगवं पसरलेलं. त्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही, स्टील वूल आणि तेल घेऊन बसला आणि म्हणाला हे तर दर वेळचंच. भाऊ म्हणतो दर वेळचं मला नको. आता एक जुनी स्टेनलेस होवा .३०८ मिळतेय, सिंथेटिक स्टॉक, नव्या काळ्या रायफलीच्या किमतीत. वजन जास्त आहे एवढीच कुरकूर. स्टॉकचे स्क्रू सोडवून बघितले, खाली एका कडेला थोडे तपकिरी ठिपके आहेत, नळी आतून स्वच्छ. उरलेल्या पैशात स्कोप. घ्यावी का?

आप्पा, रागावू नका.

आप्पा_देवगड

रागावतो कशाला. पैसे त्याचे, खांदा त्याचा. पण मेण लावायला सांगा.

धातुकाम

ठिपक्यांवर नख फिरवून बघायला सांगा. नख अडत नसेल तर वरवरचे डाग, तेलात बुडवलेल्या बारीक नायलॉनच्या घासणीने निघतील. स्टील वूल स्टेनलेसवर वापरू नका, साध्या लोखंडाचे कण त्यात अडकतात आणि तेच नंतर गंजतात. नख अडलं तर खड्डा आहे, मग किंमत पाडा.

कँटरबरीचा_कोळी

घ्या. वजन .३०८ च्या धक्क्याला बरंच, खांदा आशीर्वाद देईल. स्कोप नायट्रोजन भरलेला, सीलबंद, साधा घ्या, मोठ्या झूमच्या नादाला लागू नका, तिकडच्या झाडीत शंभर मीटरपलीकडचं दिसलं तर नशीब. लेन्सची झाकणं मात्र हवीतच.

दहापॉइंटनऊ

आणि रिंगांच्या स्क्रूंना थेंबभर तेल, अण्णांनी सांगितलेलं विसरू नका. ते एकदा गंजून बसले की स्कोप काढताना डोकं घासून जातं आणि मग ड्रिल मारावं लागतं.

भांडुपकर

नख अडलं नाही. आत्ताच मेसेज आला, घेतली.

अँकरेज_अण्णा

अभिनंदन. .३०८ ऐवजी ७ एमएम-०८ घेतली असती तर खांद्याला पण बरी आणि

टवाळ_तात्या

अण्णा, कॅलिबरचा वेगळा धागा काढा. मी तिथे आधीच रुमाल टाकलाय.